हिरव्या पानांतला चापडा आणि आपला हात

भाद्रपद तोंडावर आला की आमच्या सिंधुदुर्गात घरोघरी माटवीची धांदल सुरू होते. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या त्या लाकडी चौकटीला रानातलं काय काय लागतं: कवंडळ, हरणाची फुलं, तेरडा, आंब्याचे टाळे, सुपारीचा घोस. गोव्यात हिलाच माटोळी म्हणतात. त्या दोन-चार दिवसांत मुलं, बायका, आजोबा, सगळेच कुंपणाच्या जाळीत, ओहळाकाठच्या झुडपांत, बांबूच्या बेटात हात घालत असतात. आणि हे दिवस चापड्याचेही असतात. पाऊस लागला, बेडूक ओरडू लागले, की हा हिरवा साप खालच्या फांद्यांवर येऊन दबा धरतो.

सर्पदंशाबद्दल सध्या बरंच बोललं जातंय, आणि ते बोललं जायलाच हवं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सापाच्या दंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यांना सांगण्यात आलं की सर्पदंशाची प्रत्येक घटना आरोग्य खात्याला कळवणं बंधनकारक करा.

या निमित्ताने जे सल्ले कानावर पडतात ते बहुतेक जमिनीवरच्या सापांबद्दलचे असतात. रात्री बॅटरी घ्या, गमबूट घाला, काठी आपटत चाला, जमिनीवर झोपू नका. सगळे सल्ले योग्य आहेत, पाळायलाच हवेत. पण झाडावरच्या विषारी सापापुढे ते तोकडे पडतात. घोणस पायाला चावते, कारण आपला पाय तिच्या अंगावर किंवा अगदी जवळ पडतो. चापडा हाताला, दंडाला, कधी चेहऱ्याला चावतो, कारण आपणच त्याच्या उंचीवर हात नेलेला असतो. म्हणून चापड्याच्या रानात सवय लावायची ती हाताला आणि नजरेला.

चापडा म्हणजे नेमका कोण?

घोणस आणि फुरसं ज्या मोठ्या कुळातले, त्याच कुळातला हा साप. बाहेरच्या जगात त्याला बांबू पिट व्हायपर म्हणतात. सह्याद्रीत आणि पूर्व घाटात तो सापडतो. आंबोली, कोयना, महाबळेश्वरच्या रानात तर आहेच, पण मुंबईला खेटून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही आहे. तेव्हा हा फक्त कोकणातल्या वाडीचा प्रश्न आहे असं ठाण्या-बोरिवलीच्या वाचकांनी समजू नये.

अंग पानासारखं हिरवं, पोटाकडे फिकट पिवळसर. लांबी बहुधा दीड ते अडीच फूट. डोकं रुंद आणि त्रिकोणी, त्यामागे मान एकदम बारीक, जणू बाणाचं टोक काठीला जोडलंय. शेपूट आखूड, पण पकड इतकी घट्ट की तिच्या जोरावर तो अर्धं अंग हवेत तोलून धरतो. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. ही पिल्लं बोटभर दिसली तरी पहिल्या दिवसापासून विषारी असतात. लहान आहे म्हणून त्याला चिमटीत धरायला जाऊ नये.

दक्षिण कोकण, गोवा आणि पुढे केरळपर्यंत याचा एक भाऊबंद राहतो, मलबारी चापडा. त्याचे रंग पाहून माणूस चक्रावून जातो. हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळा असतो, शेवाळ चढलेल्या दगडासारखा चट्ट्यापट्ट्यांचाही असतो. एकाच ओढ्याकाठी दोन वेगळ्या रंगांचे दिसले तरी जात एकच. तेव्हा ‘हिरवा नाही, म्हणजे चापडा नाही’ हा हिशेब निदान आंबोलीच्या दक्षिणेला तरी करू नका.

त्याच्या स्वभावातली एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यायला हवी. धामण माणसाची चाहूल लागली की सळसळत पळते. चापडा पळत नाही. तो शिकारीमागे धावणारा प्राणी नाही, गळ टाकून बसलेल्या माणसासारखा एका जागी तासन्‌तास थांबणारा आहे. बेडूक, सरडा, पाल, उंदीर, एखादा छोटा पक्षी टप्प्यात येईपर्यंत तो हलत नाही. दिवसा तर बहुतेक वेळ फांदीवर वेटोळं करून निजलेलाच असतो. आपण दोन फुटांवर आलो तरी त्याचा भरवसा आपल्या हिरव्या रंगावर असतो. म्हणूनच काठी आपटून, पाय आपटून त्याला ‘हाकलता’ येत नाही. आपण भरपूर आवाज केला, म्हणजे आता काही नसेल, असं मानून हात घातला की फसगत होते.

हिरवा दिसला म्हणजे चापडाच?

नाही. आणि या गोंधळात दोन्हीकडून नुकसान होतं. बिचारे निरुपद्रवी साप मारले जातात, आणि कधी खऱ्या चापड्याला ‘गवत्या आहे, काही करत नाही’ म्हणून हाताळलं जातं.

हरणटोळ हा सगळ्यात जास्त गोंधळ करणारा. तोही हिरवा, तोही झाडावरचा. पण तो वेलीसारखा सडपातळ आणि लांब असतो, तोंड टोकदार असतं, आणि तो दिवसा फिरतो. त्याचं विष सौम्य असतं, पाली-सरड्यांना पुरेल इतकंच. हरणटोळ झाडावरून उडी मारून माणसाची टाळू फोडतो, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ते खोटं आहे. त्याला टाळू फोडता येत नाही आणि माणसावर झेप घ्यायचं त्याला काही कारणही नाही. दुसरा गवत्या. तो हिरवा असला तरी बहुधा जमिनीवर, गवतात दिसतो, अंगाने जाडसर असतो, आणि सहसा चावतही नाही.

जाणकार लोक चापडा ओळखायला बाहुलीचा आकार बघतात (त्याची उभी असते), डोक्यावरचे बारीक खवले बघतात. हे सगळं खरं, पण ते बघायला तोंड जितकं जवळ न्यावं लागतं, तितकं जवळ नेणं हीच चूक आहे. सामान्य माणसाला लांबून कळेल असं एवढंच: वेलीसारखा सरळ, सडपातळ, हलता असेल तर हरणटोळ असण्याची शक्यता जास्त, दोरीची गुंडाळी ठेवल्यासारखा, रुंद डोक्याचा, स्थिर असेल तर चापडा समजून वागा. शंका आली तर चापडाच धरून चालावं. त्यात आपलं काही जात नाही.

अंधारात त्याला ऊब दिसते

पिट व्हायपर या नावातला ‘पिट’ म्हणजे खळगी. चापड्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना, एक-एक खळगी असते. ती नाकपुडी नव्हे. ते ऊब ओळखणारं इंद्रिय आहे.

जुन्या कौलारू घरात दुपारी कौलाच्या फटीतून जमिनीवर कवडसा पडतो, तो आठवा. फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोल असतो, कारण तो सूर्याचंच छोटं चित्र असतो. चापड्याच्या खळगीचं तसंच आहे. समोरच्या उंदराच्या अंगाची ऊब बारीक तोंडातून आत शिरते आणि आतल्या पातळ पडद्यावर तिचा ‘कवडसा’ पडतो. पडदा इतका नाजूक असतो की तापमानातला अंशाच्या काही हजाराव्या भागाइतका फरकही त्याला कळतो. पडद्याच्या कुठल्या भागाला ऊब लागली, त्यावरून ती वस्तू कुठल्या दिशेला आहे हे सापाला समजतं. पुढे मेंदूत हे उबेचं चित्र आणि डोळ्यांनी पाहिलेलं चित्र एकमेकांत मिसळतं.

हे नेमकं कशामुळे घडतं, ते २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने शोधून काढलं. अमेरिकेतल्या रॅटलस्नेकवर, म्हणजे आपल्या चापड्याच्या लांबच्या नातलगावर, त्यांनी काम केलं. खळगीतल्या नसांवर जे प्रथिन ऊब ओळखतं, तेच प्रथिन आपल्या शरीरातही आहे. आपल्याकडे ते काय करतं? लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जो झणका बसतो, तो या प्रथिनामुळे. आपल्या नाकात जे मोहरीचा ठसका ओळखतं, तेच सापाच्या खळगीत उंदराची ऊब ओळखतं. मला निसर्गाची ही काटकसर फार सुंदर वाटते. तापमान आणि स्पर्श शरीराला कसे कळतात, या संशोधनासाठी ज्युलियस यांना २०२१ मध्ये आर्डेम पॅटापूशन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

आपल्या कामाचा भाग असा, की काळोखात आपल्याला तो दिसत नसला तरी आपला उबदार हात त्याला स्पष्ट जाणवत असतो. आपण त्याची शिकार नाही, आपल्याला गिळण्याचा त्याचा विचारही नसतो. पण अंगावर चाल करून येणारं काहीतरी मोठं आणि ऊबदार, एवढं त्याला कळतं, आणि तो स्वतःला वाचवायला चावतो. रात्री अंगणातल्या झाडाची फांदी बॅटरीशिवाय ओढायची नाही, ती यासाठी.

विष शरीरात काय करतं?

चापड्याचे विषदंत लांब असतात आणि एरवी खटक्याच्या चाकूसारखे टाळूला मिटून ठेवलेले असतात. तोंड उघडताच पुढे येतात. ते आतून पोकळ असल्यामुळे विष सुईतून औषध जावं तसं थेट मांसात उतरतं.

पहिला अनुभव वेदनेचा. जळजळीत, लगेच सुरू होणारी वेदना. मग सूज. बोटाला चावलं असेल तर सूज मनगटापर्यंत, कधी कोपराच्याही वर चढते. भाताच्या खाचराचा बांध खेकड्यांनी पोखरला की पाणी कुठून फुटलं ते दिसत नाही, पण पलीकडचं खाचर मात्र भरत जातं. विष तसंच बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती पोखरतं आणि त्यांतलं पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं. कातडीवर फोड येतात, काळेनिळे डाग पडतात.

दुसरं काम रक्ताचं. जखम झाली की रक्त गोठावं म्हणून रक्तात एक कच्चा माल तयार असतो. या जातीच्या विषातले काही घटक तो माल विनाकारण वापरून टाकतात. घरात खरे पाहुणे येण्याआधीच कुणी सगळी कणीक भिजवून नासवून ठेवावी आणि ऐन पंगतीला पोळ्यांना पीठच उरू नये, तसं होतं. मग हिरड्यांतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबेनासं होतं. प्रत्येक दंशात हे होतंच असं नाही. बहुतेकांचं दुखणं सूज आणि वेदनेवरच थांबतं. पण रक्ताचा त्रास उशिरा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसू शकतो, हे विसरता कामा नये.

“चापड्याने कोणी मरत नाही, मग एवढं काय?”

चापड्याच्या दंशाने मृत्यू येणं फार विरळ, हे खरं आहे आणि ते सांगायलाच हवं. घाबरून हृदय धडधडणाऱ्या माणसाला तो दिलासा द्यावा. पण ‘मरत नाही’ म्हणजे ‘काही होत नाही’ असा अर्थ लावला जातो, तिथे मला राग येतो. आठ-पंधरा दिवस हात सुजलेला असताना काजूच्या कारखान्यात बियांना हात लावता येत नाही, बागेत काम करता येत नाही, लहान मूल उचलता येत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला हे ‘काही नाही’ वाटत नाही. लहान मुलांचं शरीर छोटं असल्यामुळे तेवढंच विष त्यांना जास्त जड जातं.

आणखी एक धोका आहे. केरळ-कर्नाटकापासून गोव्यापर्यंतच्या सह्याद्रीत पाचोळ्याच्या रंगाचा, नाकाचं टोक वर वळलेला एक छोटा साप राहतो. तोही खळगीवालाच, जमिनीवरच्या पाचोळ्यात आणि खालच्या झुडपांत बसणारा. त्याच्या दंशाने मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं दगावल्याच्या नोंदी केरळमध्ये आणि श्रीलंकेत आहेत. अंधारात, झुडपात काहीतरी चावलं, ते नेमकं काय होतं हे कोण ठरवणार? ‘चापडाच असणार, झोप घे, उतरेल’ हे वाक्य म्हणूनच घातक आहे.

“सापाची लस आहे ना?”

लोक जिला लस म्हणतात ते खरं तर प्रतिविष: सापाचं विष अगदी थोड्या मात्रेत घोड्यांना टोचायचं, घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध जे रेणू तयार होतात ते वेगळे काढून, शुद्ध करून माणसाला द्यायचे. मुंबईच्या हाफकिनचं नाव महाराष्ट्राला या कामामुळे चांगलं परिचयाचं आहे.

भारतातलं प्रतिविष चार सापांच्या विषावर तयार होतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. देशात सर्वाधिक बळी घेणारे म्हणून हे चार निवडले गेले, आणि त्या निवडीने असंख्य जीव वाचवले. पण चापडा त्या चौघांत नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याला चार चोरांचे फोटो दिलेत, पाचवा आला तर तो त्याला कसा ओळखणार? तसंच हे. थायलंडमध्ये तिथल्या हिरव्या चापड्यांसाठी वेगळं प्रतिविष बनतं. ते रेड क्रॉसच्या एका संस्थेत तयार होतं. आपल्याकडे चापड्यासाठी असं खास औषध नेहमीच्या वापरात नाही.

म्हणजे घोणस चावली तर वेळेत मिळालेलं प्रतिविष जीव वाचवतं, आणि चापडा चावला तर आपल्या हातात तेवढं नेमकं हत्यार नाही. मी चापड्याबाबत दंश टाळण्यावर इतका भर देतो, त्याचं कारण हेच.

“औषधच नाही, तर दवाखान्यात जाऊन काय करायचं?”

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो, आणि तो अगदी रास्त आहे. उत्तर असं की दवाखाना म्हणजे फक्त ते एक इंजेक्शन नव्हे.

पहिलं म्हणजे चावलेला साप चापडाच होता याची खात्री तुम्हाला नसते. डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्तावरून ठरवतात. त्यासाठी एक साधी चाचणी आहे जी छोट्या आरोग्य केंद्रातही होते. दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विषाने रक्तावर हात टाकलाय. ही चाचणी काही तासांनी पुन्हापुन्हा करतात.

दुसरं, वेदना कमी करणं, सलाईन, धनुर्वाताचं इंजेक्शन, मूत्रपिंडांवर लक्ष, सूज किती चढली याच्या पेनाने खुणा करत जाणं, हे सगळं तिथेच होतं. यानेच माणूस सुखरूप बाहेर येतो.

यातून एक तक्रार नेहमी निघते: “एवढं लांब नेलं, आणि डॉक्टरांनी लसच दिली नाही!” कृपया हे समजून घ्या. प्रतिविष हे घोड्यापासून आलेलं असल्याने काहींना त्याची जोरदार ॲलर्जी येते, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. ज्या विषावर ते चालत नाही त्यासाठी ते देणं म्हणजे फायदा नसताना धोका पत्करणं. कुठला साप हे स्पष्ट नसेल आणि रक्त गोठत नसेल तर डॉक्टर ते देऊही शकतात. तो निर्णय त्यांचा. नातेवाईकांनी ‘द्याच’ म्हणून दबाव आणू नये. आणि घरी सोडल्यावर पुढच्या दोन-तीन दिवसांत पुन्हा रक्त तपासायला बोलावलं असेल तर दुखणं थांबलं म्हणून ती फेरी चुकवू नये.

चावल्यावर पहिला तास

सापापासून बाजूला व्हा आणि बसा. हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ, मनगटाचा दोरा ताबडतोब काढा. हे पहिलं काम, कारण सूज चढली की अंगठी बोटात रुतते आणि बोटाचा रक्तपुरवठा तोडते. हाताला लाकडाची पट्टी किंवा गुंडाळलेलं जाड वर्तमानपत्र लावून, ओढणीची झोळी करून तो हलणार नाही असा ठेवा. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका लांब असेल तर मिळेल त्या गाडीने निघा. मोटारसायकलवर न्यायची वेळ आली तर रुग्णाला मध्ये बसवून मागे एकाने धरून ठेवावं.

घट्ट दोरी आवळू नका. दोरीने धोका टळत नाही, उलट विष एकाच जागी कोंडून तिथलं मांस जास्त सडतं. ब्लेड मारू नका, तोंडाने ओढू नका, बर्फ लावू नका, मिरची-हळद-चुना यातलं काही चोपडू नका. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

सापाला पकडायला किंवा मारून पिशवीतून आणायला जाऊ नका. त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर तेवढा पुरे, नाही मिळाला तरी उपचार अडत नाहीत.

“मांत्रिकाने उतरवलं आणि आमचा माणूस बरा झाला”

बरा झाला यात शंका नाही. पण का, ते बघू. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही, कधी तो कोरडा दंश असतो. कधी चावणारा मुळात हरणटोळ किंवा गवत्या असतो. आणि चापडा असला तरी बहुतेक माणसं काही दिवसांत आपोआप सुधारतात. तेव्हा चापड्याच्या गावात मांत्रिकाला यश मिळत राहतं. त्या यशाच्या भरवशावर उद्या मण्यार चावलेलं मूल त्याच्या अंगणात नेलं जातं आणि हातची वेळ जाते. ज्यांच्यावर गावाचा विश्वास आहे अशा माणसांनी ‘आधी दवाखाना, मग नारळ’ एवढं जरी म्हटलं तरी जीव वाचतील. आमच्या भागातले काही जण हल्ली म्हणतातही, आणि त्यांचा मला मनापासून आदर वाटतो.

हाताला लावायच्या सवयी

बांबू तोडायला गेलात तर आधी बेटाच्या बाहेरून, खांद्याच्या उंचीपासून गुडघ्यापर्यंत, नजर फिरवा. कोयत्याचा हात चालतो तेव्हा दुसऱ्या हाताने आपण बांबू पकडतो, आणि चावा त्या दुसऱ्या हाताला बसतो. पकडायची जागा आधी लांब काठीने हलवून घ्या. कोवळे कोंब काढताना, करवंदीच्या जाळीत शिरताना, काजूची खालची फांदी वाकवताना तेच. लांब बाह्यांचा जाड सदरा आणि चामड्याचे हातमोजे यांनी दंश हमखास थांबत नाही, पण खोली कमी होते.

घराजवळ म्हणाल तर, खिडकीला, पडवीला टेकलेल्या फांद्या छाटा. वळचणीला रचलेली लाकडं आणि नारळाची चुडतं भिंतीपासून दूर ठेवा, कारण तिथे उंदीर-पाली येतात आणि त्यांच्या मागे साप. कपडे झुडपावर वाळत घालायची सवय कोकणात फार. ती सोडा, दोरी बांधा. कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, पहाटे किंवा संध्याकाळी पाणी सोडायला जाताना बॅटरीचा झोत फक्त पायांसमोर टाकत जाऊ नका, छातीच्या उंचीवरच्या फांद्यांवरूनही फिरवा.

पावसाळ्यात आंबोलीला रात्री साप बघायला, फोटो काढायला येणाऱ्या तरुणांना विनंती. चापडा हलत नाही, म्हणून तो शांत आहे असं वाटतं आणि मोबाइल पुढे पुढे जातो. सापाची झेप साधारण त्याच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत पोचते. सहा फूट अंतर ठेवा आणि कॅमेऱ्यातलं झूम वापरा. चांगल्या उजेडासाठी फांदी वाकवू नका, साप काठीने सरळ करू नका.

“दारात दिसला तर मारलेला बरा नाही का?”

साप मारणं, पकडणं, बाळगणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे एक. दुसरं, मारायला जाणं हा चावून घेण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. झाडावरच्या सापावर काठी उगारताना आपलं तोंड आणि हात त्याच्या पातळीवर असतात. आणि मेलेला दिसणारा सापही प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकतो. घरात शिरला असेल, लहान मुलं असतील, तर वनखात्याला किंवा ओळखीच्या प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवा, तोवर एकाने लांबून नजर ठेवा. परसातल्या झाडावर असेल, तर बऱ्याचदा काहीच करावं लागत नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या विहिरीजवळच्या जास्वंदीवर एक चापडा येऊन बसला. जवळजवळ आठवडाभर तो त्याच फांदीवर होता. सकाळी तिथेच, संध्याकाळी वीतभर खाली, दुसऱ्या सकाळी पुन्हा वर. शेजारचे काका काठी घेऊन आले, त्यांना आईने परत पाठवलं. तिने एक तांबडं फडकं लांबूनच, बांबूच्या टोकाने, जास्वंदीच्या अलीकडच्या खांबाला अडकवलं. फडकं दिसतंय तोवर या वाटेने विहिरीवर जायचं नाही, एवढंच तिने नातवंडांना सांगितलं, आणि देवाची फुलं तितके दिवस पलीकडच्या तगरीची आणली. एका सकाळी फांदी रिकामी होती. तरी तिने आणखी दोन दिवस, रोज लांब काठीने झाड पानापानांत हलवून बघितलं आणि मगच फडकं उतरवलं. पहिलं जास्वंद तोडताना तिचा हात फुलापाशी क्षणभर थांबला, नजर आधी देठाच्या मागे गेली, मग फूल परडीत आलं. आजही ती तशीच फुलं तोडते.